तिसरं डोकं

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर गप्प बसवत आले. मूळची अमरावतीची, पेशाने नर्स. मेलेली माणसं पुष्कळ पाहिली, परत कुणी आलं नाही. तरी हे लिहितेय, कारण कुणी उलगडा केला तर मला हवाच आहे.

साठ सालच्या आगेमागे माझी नेमणूक अकोला जिल्ह्यात, पूर्णाकाठच्या एका गावी होती. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लागत. एका दुपारी वर कुठेतरी अवकाळी कोसळला आणि कोरड्या वाळूवर एकदम लोंढा आला. वळणापलीकडच्या वाडीत महादेव, त्याची बायको अंजना आणि मुलगी शांता होती. आम्ही काठावर पोचलो तेव्हा वळणावरून तीन डोकी वाहत येत होती.

सगळे एकाकडेच पाहून ओरडू लागले की बाकीचे हातचे जातात. म्हणून मी वाटणी केली — मास्तरांनी महादेव, पाटलांनी शांता, मी अंजना. नजर हलवायची नाही, हात आपल्या माणसाकडे रोखलेला. पाण्यात उतरलेल्याला लाटांपलीकडचं दिसत नाही. तो आमच्या हाताच्या दिशेनं जाणार.

"बाई, मंग पापनीबी हालवाची नाई का?" मास्तर म्हणाले.

"एका डोळ्याची हलवा," मी म्हटलं.

नावाडी युसूफभाईंच्या दोघा भावांनी महादेव आणि शांताला काढलं. महादेव शुद्धीवर नव्हता. युसूफभाई माझा हात पाहून निघाले. अंजनाचं बाळंतपण मीच केलेलं, चेहऱ्यात चूक होणं शक्य नाही. त्यांच्यापासून हातभर अंतरावर ती होती... माझ्याकडे पाहत.

"बाई, यहाँ कोई नै," ते म्हणाले.

आता मास्तर आणि पाटीलही तिकडे पाहत होते. दोघांनाही ती दिसली. युसूफभाईंनी बुड्या मारल्या, हाती नुसतं पाणी. मग डोकं दिसेनासं झालं.

सकाळी नदी उतरली. अंजना वळणाच्या वरच्या अंगाला, वाडीजवळच्या बाभळीत अडकलेली सापडली. आमच्यापर्यंत ती आलीच नव्हती. तपासलं मीच. नखांत बाभळीची साल होती. बराच वेळ धरून राहिली असावी. भास म्हणावा, तर तिघांना एकच कसा होईल? आणि प्रेत काही प्रवाहाच्या उलट जात नाही.

महादेवला मी होतं तसं सगळं सांगितलं. 

"ती झाडाले धरून होती," तो म्हणाला. "मंग तुमी कोनाले पाहून राहिल्या होत्या?"

अजूनही अकोल्याच्या बाजारात भेटला की तो एवढंच विचारतो. पिशवी खाली ठेवून उभा राहतो. मग तो पिशवी उचलून जातो.