हवेची गादी आणि नानांची झोप

मी सीटकव्हर शिवते. दिवसभरात रेक्झिनचे तुकडे किती पडतात ते कळत नाही, संध्याकाळी झाडायला घेतलं की हा ढीग! किस्स्यांचंही तसंच होतं. सुरतेत लिंबायतला आमचं वर्कशॉप आहे. मिनीबस येते आणि मोटरहोम होऊन जाते. आत पलंग, ओटा, बेसिन, सगळा संसार. आजचा ढीग हवेच्या गादीचा आणि दगडूनानांचा.

*

नाना धुळ्याकडचे. तीस वर्षं रातपाळीत पॉवरलूम चालवले. घर कारखान्याच्या भिंतीला लागूनच, त्यामुळे दिवसाची झोपही त्याच खडखडाटात. कारखाना बंद पडला, नाना आमच्याकडे फिटर झाले आणि झोप गेली ती गेलीच. कारण काय, तर शांतता!

"एवढ्या शांततेत माणूस झोपेल कसा?" असं ते खरंच विचारतात. डोळे कायम लाल. मला त्यांची काळजी वाटते.

*

लूमच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. नानांची सवय अजून तीच. एकदा वर्कशॉपचे मालक, आमचे शेठ, फोनवर होते. नानांनी लांबूनच बोटं फिरवून स्क्रू मागितला. शेठनी चहा मागवला! नानांनी चहा पिऊन घेतला आणि पुन्हा बोटं फिरवली. दुसरा चहा आला!

*

पहिली हवेची गादी आम्ही बसवली ती एका डॉक्टरांच्या गाडीत. सापुताऱ्याचा घाट चढताना त्यांचा फोन आला. "अहो, गादी आपोआप फुगतेय!" वर हवा विरळ, त्यामुळे आतली जोर करते, हे शेठनी नंतर समजावलं. नाना तेवढ्यात फोनवर बोलून मोकळे झाले, "घाट चढताना कोणाचाही ऊर भरून येतो, साहेब. उतरल्यावर बसेल खाली." बसली की हो!

*

मग आली ही दुसरी गाडी. गिऱ्हाईक नवराबायको. गादी एकच, पण आत दोन कप्पे आणि दोन रिमोट. त्याला कडक हवी, तिला मऊ. रिमोटवर आकडा दाबायचा, पंप घरघरतो, आकडा गाठला की गप्प होतो. बाईंची एकच अट होती, पंपाचा आवाज नको.

नानांनी पंप पलंगाखाली बसवला, नळ्या जोडल्या. आवाज दाबायला त्याला फोम गुंडाळायचा राहिला होता. म्हणाले, आधी बघू हवा धरते का. आडवे झाले, रिमोट दाबला. पंप सुरू झाला आणि मी बघतच राहिले. नानांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. डोळे मिटले. मोटरहोमच्या खिडकीतून ऊन पडलं होतं, पडदा हलत होता, आणि नाना घोरत होते!

आकडा आला, पंप थांबला. नाना ताडकन उठून बसले. "खातं बंद पडनं का?"

मी हसले. तीस वर्षांच्या कारखान्याला ते अजून खातंच म्हणतात.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू डबा घेऊन आल्या. काकू म्हणजे नानांची बायको, जन्मभर दिवसपाळीत साड्यांच्या घड्या घालणाऱ्या. शेठ म्हणाले, "बेन, बरं झालं आलात. दोन्ही बाजूंना माणूस झोपवून टेस्ट करायचीय. दहाच मिनिटं."

"शी, लोकांच्या गादीवर!" काकू लाजल्या. मग चपला बाहेर काढून, पदर सावरून, एका कडेला आडव्या झाल्या. पंप सुरू झाला. नाना लगेच झोपी गेले!

काकू कुशीवर वळून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तीस वरीस व्हयनात," त्या मला हळूच म्हणाल्या, "यास्ले झोपेल मी कधी निवांत पाह्यंच नही."

पंप थांबला. नानांची पापणी हलली. काकूंनी घाईघाईने स्वतःचा रिमोट उचलला, थोडी हवा सोडली, पुन्हा आकडा वाढवला. घरघर सुरू झाली, पापणी स्थिरावली.

अर्ध्या तासाने शेठ हाका मारत आले, "टेस्ट झाली का?" मी दारातच हाताने खूण केली, थांबा. आत काकू हळूहळू खाली जात होत्या, हळूहळू वर येत होत्या.