बिजागरीमागचा निळा

रंगारीकाकांनी चाळीस वर्षं गंजाला हाडवैऱ्यासारखं वागवलं. फाटक असो, जिना असो की पाण्याची टाकी, आधी पत्रीनं खरवडायचं, मग पॉलिश पेपरनं घासायचं, वर लाल ऑक्साइडचा एक हात आणि रंगाचे दोन. शेवटी गुडघे संपावर गेले आणि काम सुटलं. लेकीनं मोबाइल दिला, त्यावर चिमट्यानं लावायचं इवलंसं भिंग दिलं, आणि काकांनी सहज म्हणून खिडकीच्या गजाचा फोटो काढला. बघतात तर काय, बोटभर गंजात डोंगर, दऱ्या आणि एक तपकिरी तळं.

"हे मी जन्मभर खरवडून फेकत होतो," ते काकूंना म्हणाले. त्या दिवशी जेवणावर त्यांचं लक्ष नव्हतं.

तेव्हापासून गल्लीनं त्यांचं नाव गंजोबा ठेवलं. शेजारीण हाक मारून सांगते, "काका, बादलीचं बूड गेलंय, तुमच्यासाठी ठेवलंय हं." काकूंचं म्हणणं वेगळं. "लोकांचे नवरे फुलांचे फोटो काढतात. आमचे हे गटाराच्या झाकणापुढे लोटांगण घालतात."

काकांची खोड एकच. ते एक वेळ चष्मा विसरतील, पण खिशातली पत्री नाही. सुटत आलेला पोपडा दिसला की हात आपोआप चालतो. असे कितीतरी फोटो निघण्याआधीच जमिनीवर पडलेत.

बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याचं फाटक मात्र त्यांनी जपलं होतं. एकोणिसाव्या वर्षी काम शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्यांदा डबा त्यांच्या एकट्याच्या हाती सोपवला, तो याच फाटकासाठी. रंग निळा होता. पुढे त्यावर हिरवा, राखाडी, मग चॉकलेटी, सगळे त्यांच्याच हातचे. आता कडीखाली गंज फुगून त्याच्या फटीतून नखाएवढा निळा डोकावू लागला होता. दोन महिने काका रोज जाऊन बघून येत.

"काढा की एकदाचा फोटो," काकू म्हणत.

"पिकू दे जरा. पोपडा अजून वळायचाय."

आणि एका सकाळी भंगारवाल्यानं सांगितलं की आज दुपारी फाटक कापून नेणार.

काका निघाले. खाली बसल्यावर उठवायला कोणीतरी हवं, म्हणून काकूही निघाल्या. ऊन अजून फाटकावर आलं नव्हतं. दहा मिनिटं थांबणं भाग होतं.

"एवढं आवडलंय तर तुकडा कापून देतो घरी," भंगारवाला म्हणाला.

"नको रे बाबा. पलंगाखाली आधीच तीन कड्या नि एक सायकलची घंटी आहे," काकू म्हणाल्या.

काका हसत होते, गप्पा ऐकत होते. तेवढ्यात कर्र आवाज आला.

"अहो," काकू म्हणाल्या.

पोपडा खाली पडला होता. कडीखाली तळहाताएवढं लोखंड लख्ख झालं होतं, अगदी लाल ऑक्साइड लावायच्या तयारीत. निळ्याची भुकटी काकांच्या चपलेवर होती. पत्री त्यांच्याच हातात होती.

"काम मात्र सफाईदार," भंगारवाला हळूच म्हणाला.

एरवी गंजाला नावं ठेवणाऱ्या काकू पदर सावरून फाटकाजवळ वाकल्या आणि वरपासून खालपर्यंत एकेक इंच बघत गेल्या.

"इकडे या. खालच्या बिजागरीमागे. हा तुमचाच ना?"

तोच होता. गंजाच्या दोन पापुद्र्यांमध्ये निळी रेघ.

"तिथं ब्रश जात नाही," काका म्हणाले. "पहिल्या वेळी बोटाला चिंधी गुंडाळून लावला होता."

"आणि मग हिरवा, चॉकलेटी?"

"मग कोण बघणार होतं तिथं?"

"म्हणजे अंगचोरी केलीत. बरं झालं."

ऊन बिजागरीवर आलं. काकूंनी काकांच्या हातातली पत्री काढून स्वतःच्या पिशवीत टाकली आणि काकांचं उजवं मनगट घट्ट धरलं. काकांनी डाव्या हातानं फोटो काढला. किंचित तिरका आला, पण निळा नीट दिसत होता.

"आता सोड की," काका म्हणाले. "लोक बघतायत."

"बघू देत. फाटक गाडीत चढलं की सोडते."