फाट्यावरचं बुजगावणं

आमच्या भागात ‘मर्चंट नेव्ही’ हे दोन शब्द एकत्र कधी पोचलेच नाहीत. माझं सासर लातूरचं. इथं आडत बाजारात जिकडंतिकडं ‘ग्रेन मर्चंट’ अशा पाट्या. त्यामुळं माझा धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे म्हटलं की लोक विचारायचे, कशाचा मर्चंट, तुरीचा का सोयाबीनचा? आणि माहेरी, मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावात, ‘मर्चंट’ गळून नुसतं ‘नेव्ही’ उरलं. नेव्ही म्हणजे मिलिटरी, विषय संपला. मी घसा कोरडा करून सांगितलं की बाबांनो, तो मालाच्या जहाजावर फिटर आहे, आयटीआय करून गेलाय, गहू नि खत या देशातून त्या देशात नेणाऱ्या जहाजाचं इंजिन सांभाळतो. लोक हाव हाव म्हणायचे आणि लगेच विचारायचे, मग बॉर्डर किती लांब हाय तिथून?

सुट्टीवर आला की पारावर त्याला पहिला प्रश्न बंदुकीचा. कोणती देतात, किती गोळ्यांची? तो म्हणायचा, बंदूक नाही देत, पाण्याचा पाइप देतात. माणसं हसायची. त्यांना वाटायचं पोरगं गुपित राखून बोलतंय. पण खरं तेच होतं. सोमालियाच्या बाजूचा समुद्र लागला की चाच्यांच्या भीतीनं कठड्याला काटेरी तारा गुंडाळायच्या, पाण्याचे पाइप तयार ठेवायचे, आणि चाचे चढलेच वर, तर खालच्या एका पक्क्या खोलीत सगळ्यांनी आतून कडी लावून बसायचं. शिवाय बुजगावणी करायची. कामावर घालायच्या जुन्या अंगभर बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबून, डोक्यावर हेल्मेट घालून ती कठड्याशी बांधायची, म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं की पहारा आहे. हे काम माझ्या भावाकडं. ज्वारीच्या शेतात वाढलेला गडी, त्याच्याइतकं देखणं बुजगावणं जहाजावर कुणाला जमायचं नाही म्हणे. माय ऐकून हसून हसून बेजार झाली. मागच्या सुट्टीत मात्र तो म्हणाला, आता तांबड्या समुद्राकडं वरून ड्रोन येऊन राहिले, त्याला बुजगावणं काय कळतंय? माय तेव्हा हसली नाही. त्याच्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्याला हात लावून तो घट्ट आहे का तेवढं तिनं बघितलं.

आणि तेच झालं. दुपारी दुकानातल्या टीव्हीवर आमच्या ह्यांनी बातमी बघितली, मालाच्या जहाजावर ड्रोन आदळला, आग लागली, काही खलाशी बेपत्ता. जहाजाचं नाव माझ्या भावाच्याच जहाजाचं. त्याचा फोन बंद. ज्या एजंटनं त्याला नोकरी लावली त्याला मुंबईला फोन केला. लावताना त्यानं आम्हाला मामा-मामी केलं होतं, घरी येऊन मायच्या हातची धपाटी खाल्ली होती. आता म्हणे, माहिती घेऊन राहिलोय, कंपनीचं ऑफिस परदेशात आहे, जहाजाचा झेंडा तिसऱ्याच देशाचा आहे, तुम्ही लाइन मोकळी ठेवा. पुढं पुढं त्यानं फोन उचलणंच सोडलं. शी! माणूस जिवंत आहे का मेला एवढं सांगायला याला झेंडा आडवा येतो.

मी अहमदपूरला गाडी बदलून मुखेडला, तिथून जीपनं गावाकडं निघाले. फाट्यावर उतरले आणि समोर बघते तर काय, माझा भाऊ. दहा फुटांचा फ्लेक्स. चेहरा त्याचा, चुलतबहिणीच्या लग्नातल्या फोटोमधून कापलेला. खाली धड भलत्याच कुणाचं, हिरवे-तपकिरी ठिपके असलेला मिलिटरीचा ड्रेस, हातात रायफल. कपाळावर लग्नातल्या अक्षता तशाच राहिलेल्या. फोटोभोवती कॉम्प्युटरवरचा हार. ‘वीर जवानास भावपूर्ण श्रद्धांजली’. आणि त्याच्या खाली, त्याच्याहून मोठा, हात जोडून उभा आमच्या गावचा पुढारी, पंचायत समितीला दोनदा पडलेला. त्याच्यामागं त्याची सगळी पिलावळ ओळीनं, गॉगलसकट.

फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं ‘अक्का’ म्हणत चहा पुढं केला. मी तो तिथंच ओतून दिला. तो जिवंत आहे का मेला हे घरच्यांनाच अजून ठाऊक नव्हतं, आणि यांनी माणूस मारून, कपडे बदलून, हार घालून मोकळं केलं होतं.

पुढारी आमच्या घरीच भेटला, अंगणात खुर्ची टाकून. बायका रडायला जमलेल्या. मायनं त्यांना भिंतीशी बसवलं होतं आणि एकच वाक्य धरून होती. “माझ्या घरात रडायचं न्हाई. फोन आला न्हाई, एवढंच झालंय.” मी पुढाऱ्याला विचारलं, गेला म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं? तो म्हणाला, टीव्हीवर दाखवून राहिले की. मग त्यानं मला बाजूला घेतलं. फाट्याच्या चौकाला भावाचं नाव द्यायचं ठरलंय, पुतळ्याचं बघू, मोठ्या साहेबांना आणायचंय, तुम्ही फक्त मायला स्टेजवर बसवायचं, असं सगळं त्याचं जुळवून झालं होतं. बोलताना तोंडात वेलदोडा होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकून होते मी. इथं तर मढंही नव्हतं, तरी याचं खाणं सुरू.

तरी त्याच्या गाडीत बसून मी नांदेडला गेले. बसावंच लागलं. वाटलं, याच्या ओळखीनं कुणी साहेब एक फोन लावील, पोरगं दवाखान्यात आहे का पाण्यात, तेवढं कळेल. तो मला घेऊन गेला थेट सैनिकांचं काम बघणाऱ्या कचेरीत. तिथला माणूस सभ्य होता, पाणी दिलं त्यानं. सैन्यातला नंबर विचारला. मी म्हटलं, नंबर नाही, तो फिटर आहे, मर्चंट नेव्ही. त्यानं पेन खाली ठेवलं आणि पुढाऱ्याकडं बघून नीट समजावलं की हे सैन्य नव्हे, ही खाजगी नोकरी, व्यापारी जहाज. बाईंनी जहाजांचं काम बघणाऱ्या मुंबईच्या सरकारी कचेरीला फोन करावा. नंबरही शोधून दिला.

पुढाऱ्याचं तोंड असं उतरलं, की तसं भावाच्या मरणाच्या बातमीनंही उतरलं नव्हतं. परतीच्या वाटेवर कुणाला तरी फोन करून हळूच म्हणाला, काढा रे ते. मग माझ्याकडं मान न वळवता बोलला.

“अक्का, तुमी आधी सांगायला पायजे होतं. आमची फसगत झाली.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी त्याच लाकडी चौकटीवर त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. रडायला आलेल्या बायकासुद्धा फिरकल्या नाहीत. कुणी म्हणे, मजुरीलाच गेला होता की, मग एवढं मिलिटरीचं सोंग कशाला? आदल्या दिवशी माझा भाऊ अमर होता. आज त्याचं मरणही काढून घेतलं. गावाची शिसारी आली मला, त्या फाट्याची, त्या चहाची, माझ्या नावापुढं अक्का लावणाऱ्या प्रत्येक तोंडाची.

त्या नंबरवर मी रोज विचारत होते, शेवटी फोन आला तो त्या मुंबईच्या कचेरीतून, तो वाचलाय म्हणून. पाठोपाठ त्याचा स्वतःचा, त्यांना वाचवून घेणाऱ्या दुसऱ्या जहाजावरून. आवाज घोगरा, पण त्याचाच. मायनं फोन घेतला आणि पहिलं विचारलं, लिंग हाय का गळ्यात? आहे म्हणाला. मग ती खाली बसली आणि इतक्या दिवसांचं रडून घेतलं.

तो घरी आल्यावर कळलं. ड्रोन आदळला तो इंजिन रूमच्या बाजूला. भाऊ त्या वेळी खाली असायला हवा होता. पण कठड्याचं बुजगावणं वाऱ्यानं वाकलं म्हणून त्याला वर पाठवलं. त्याच्या जागी खाली थांबला एक फिलिपिन्सचा वयस्कर ऑइलर, इंजिनाचं तेलपाणी बघणारा. त्याला घरी जायला थोडेच दिवस राहिले होते, लेकीसाठी घेतलेलं घड्याळ रोज काढून दाखवायचा. तो वर आलाच नाही. मिळालाही नाही.

गावाच्या ग्रुपवर कुणाकडं तरी त्या फ्लेक्सचा फोटो होता. भावानं तो बघितला. मला वाटलं हसेल, नाहीतर शिव्या देईल. त्यानं बोटांनी फोटो मोठा करून रायफल धरलेला हात बघितला. “माझं बुजगावणं केलं की गं, अक्का,” म्हणाला. मग हळूच विचारलं, “त्या ऑइलरच्या गावात त्याचा फ्लेक्स लावला असंल का कुणी?”

मी फ्लेक्स लावणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. आता मीच त्याला मुखेडच्या फ्लेक्सच्या दुकानाचं सांगितलं.

आठवड्याच्या बाजारादिवशी आम्ही दोघं मुखेडला फ्लेक्सच्या दुकानात गेलो. भावाच्या मोबाइलमधला त्या ऑइलरचा फोटो दिला, तेलानं माखलेला बॉयलर सूट, हातात पाना, पुढचा एक दात नसलेलं हसू. दुकानदार म्हणाला, ड्रेस चांगला टाकून देऊ का, नेव्हीचा पांढरा आहे माझ्याकडं. भाऊ म्हणाला, हाच राहू द्या. दुकानदारानं कॉम्प्युटरवर फोटो वर सरकवला, खाली रांगेत मोकळे गोल काढले आणि सवयीनं विचारलं, शोकाकुलमध्ये कुणाकुणाचे फोटो घ्यायचे?

“कुणाचेच न्हाई.”

“अहो, मग खालची सगळी जागा रिकामी दिसल की.”

“दिसू द्या,” भाऊ म्हणाला. “तो गेला, तिथं बी कुणी नव्हतं.”