एक माप मोठी

इतवारी बाजारात रुपराव कासारांनी भरलेली बांगडी हातातून आपोआप निघत नसे. तोच त्यांचा मान. बाई म्हणाली, "दुखून राहिलं जी भाऊ," की ते म्हणत, "थोडं सोस वं माय. सैल बांगडी म्हणजे रुसलेला जावई, कधी उठून जाईन नेम नाही." आणि पंजा चेपत, अंगठा मुडपत बांगडी अलगद मनगटावर उतरवत.

गल्ल्यावर बसलेल्या त्यांच्या बायकोचा, गोपिकाकाकूंचा, टोमणा ठरलेला. "जगातल्या बायायचे हात धरते हा माणूस. माहा हात सणासुदीलेच आठवते."

"तुले कुठं पळून जायचं हाये?"

यंदा मुलीचं, मिनलचं लग्न झालं. त्यासाठी काकूंच्या दोन्ही हातांत त्यांनी हिरवा चुडा भरला. नेहमीपेक्षाही घट्ट.

आठवडा उलटला नसेल. सकाळी दुकान झाडताना काकूंच्या छातीत कळ आली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हार्ट अटॅक आहे. नळी घालून बंद पडलेली रक्तवाहिनी आत्ताच उघडावी लागेल.

"मनगटातून जाऊ. इथली नाडी वरच असते, रक्त आलं तर दाबून थांबवता येतं. मांडीतूनही जाता येतं, पण ती खोल. आत रक्त साचायची भीती जास्त. बांगड्या काढा."

रुपरावांनी साबण लावला. हात सुजलेले. बांगडी ना वर सरके, ना खाली. सिस्टर कटर घेऊन आली, तसे काकूंनी दोन्ही हात पदराखाली ओढले.

"फोडायच्या नाही. नवरा जिता हाये माहा."

"काच हाये वं गोपिका. पुन्हा भरून देतो ना मी."

"फोडल्या तं तुमच्या जिवावर येते जी. मांडीतून करा म्हणा त्यायले."

"डावा हात तरी द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिकडूनही जमतं."

"डाव्यातल्या काय दुसऱ्या नवऱ्याच्या हायेत?"

सिस्टरला हसू आलं. रुपरावांनाही आलं. हसता हसताच ते म्हणून गेले, "करा जी मांडीतूनच." आणखी समजावत बसायला वेळ नव्हता.

रक्तवाहिनी उघडली. काकूंनी चहासुद्धा मागितला. दुपारी कंबर दुखते म्हणाल्या, मग चेहरा पांढरा पडत गेला. मांडीच्या नाडीतून रक्त आतल्या आत पोटामागे साचत होतं. रक्ताच्या बाटल्या लावल्या, पळापळ झाली. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि बोलायच्या आधी त्यांनी रुपरावांचा हात धरला.

सवाष्ण गेली म्हणून शेजारच्या शोभाताई हिरव्या बांगड्या घेऊन आल्या. भरायला जागाच नव्हती.

"हात तर भरलेलेच हायेत," त्या हळूच म्हणाल्या.

रुपराव बघत राहिले. एकही बांगडी पिचलेली नव्हती.

दुकान आता पुन्हा उघडतं. परवा मिनल माहेरी आली. बांगड्या भरायला त्यांनी तिचा हात घेतला. अंगठा मनगटावर टेकला, नाडी उडते तिथे, आणि तिथेच राहिला.

"बाबा, भरा ना."

तिच्या मापाच्या काढलेल्या बांगड्या त्यांनी परत ठेवल्या, एक माप मोठ्या घेतल्या. त्या न दुखता हातात गेल्या. मिनलने हात खाली सोडला, तशी एक घरंगळून गादीवर पडली.

"हे काय बाबा? लोकं हसतीन तुमाले."

"हसू दे." त्यांनी ती उचलून तिच्या हातात घातली, काढली, पुन्हा घातली. "निघाली पाहिजे वं."