परत गेलेली पिशवी

समजा, हे काम तुमच्याकडे आलंय. बस खच्चून भरलेली, गळ्यात तिकिटांचं यंत्र आणि सीटखालच्या निळ्या पेटीत औषधांच्या पिशव्या. थांबा आला की पिशवीवरचं नाव मोठ्याने वाचायचं, माणूस पुढे आला की ती हातात द्यायची, घंटी मारायची. नाव वाचूनही कुणी आलं नाही, तर पिशवी परत पेटीत. बस्स. शेंबडं पोरही करेल.

कंडक्टरलाही तसंच वाटलं होतं. दवाखान्याने पिशव्या भरायच्या, बसने न्यायच्या आणि कुणाला काय हवं ते गावच्या कचेरीने कळवायचं, अशी तिघांची हातमिळवणी झाली होती. पूर्वी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी म्हाताऱ्या माणसांचा अख्खा दिवस शहरात मोडायचा. आता गोळ्या दर महिन्याला थांब्यावर यायच्या. बायको म्हणाली, "पगार तोच, हमाली वाढली." पण त्याला बरं वाटायचं. इतकी वर्षं लोक त्याच्याकडे सुटे पैसे मागायचे, आता आशीर्वाद देऊन जायचे.

शेवटून दुसऱ्या थांब्यावर टेलरकाकू उभी असायची. एकटी राहायची. शिवणकाम कधीच सुटलं होतं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

"काय रे, एवढा उशीर? बैल जुंपलेत का गाडीला?"

"बैल परवडले, काकू. आमचा ड्रायव्हर चाराही खातो आणि चालतही नाही."

"आणि ह्याला घंटी मारण्यापलीकडे अक्कल नाही!" पुढून ड्रायव्हर ओरडायचा.

काकू पिशवी घ्यायची आणि जाता जाता कंडक्टरची बाही चिमटीत धरायची. "ही कुणी शिवली? खाटकाने?"

एका महिन्यात ती आली नाही. कंडक्टरने पायरीवर उभं राहून नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. मागून एक बाई म्हणाली, "लेकीकडे गेली असेल."

"लेकीचे कपडे उसवायला," आणखी कुणीतरी म्हणालं. लोक हसले. तोही हसला. पिशवी पेटीत गेली, घंटी वाजली.

काकू घरातच होती, जमिनीवर. दोन दिवसांनी विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला ती सापडली. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. लेक तिला आपल्या गावी घेऊन गेली.

मग बैठक झाली. दवाखाना म्हणाला, पिशवी परत आली, आम्हाला वाटलं काकूंकडे गोळ्या शिल्लक असतील. कचेरी म्हणाली, आम्हाला कुणी कळवलंच नाही. बसवाले म्हणाले, आमचं काम पोचवण्याचं. कुणीच खोटं बोलत नव्हतं. शेवटी नियम ठरला: पिशवी परत गेली की कंडक्टरने बसमधूनच कचेरीला फोन करायचा आणि कचेरीने त्याच दिवशी माणूस पाठवायचा.

नियम चांगला होता. पुढच्याच महिन्यात एक म्हातारा तापाने फणफणलेला सापडला, तोही वेळेवर. आगारात साहेबांनी कंडक्टरची पाठ थोपटली. त्याला तो हात शर्टावर जाणवला, त्याच्या आत काही गेलं नाही.

घरी तो जेवतो, भाजीत मीठ नसलं तरी तशीच संपवतो. बायको म्हणते, "एकदा रडून घ्या, मोकळे व्हाल." तो तोंड धुऊन येतो आणि टॉवेल जागेवर लावतो. रडूही येत नाही आणि रागही येत नाही.

बस रोज त्या थांब्यावर थांबते. पायरीवरून काकूचं घर समोरच दिसतं. आता दाराला कुलूप आहे. ते त्याला रोज दिसतं, अगदी गंजासकट. त्या दिवशीचं मात्र काही केल्या आठवत नाही.

"दादा, त्या दिवशी तुम्ही तिकडे बघितलं होतं का?" त्याने ड्रायव्हरला विचारलं.

"मी रस्त्याकडे बघतो रे. सोड आता."

'लेकीकडे गेली असेल' म्हणणाऱ्या बाईलाही त्याने गाठलं. ती म्हणाली, "मी बसले होते, भाऊ. मला तिथून काय दिसणार? तुम्हीच दारात उभे होतात."

तोच उभा होता, तोंड त्याच बाजूला करून. तो नाव पुकारत होता, तेव्हा काकूचं दार उघडं होतं की बंद?