हुरियाने कापलेली बावीस झाडं

माझी मोठी जाऊ हुरिया तशी भित्री. माकडांची टोळी दिसली की भर दुपारी मळा टाकून पळत येते. आमच्या डोंगरावर असं भिऊन चालतं का? पण त्या वर्षी तिने जे केलं, ते करायची माझी छाती नव्हती.

नवऱ्यामागे तिला उरली उतारावरची दोन शेतं आणि कॉफीची बावीस झाडं. आजेसासऱ्यांनी लावलेली, उंच, लाकूड झालेली. फळ नुसतं शेंड्याला, तेही बारीक. गच्चीवर वाळवलं की निम्मे दाणे काळे निघत. माझा नवरा हिजाम सारखा म्हणायचा, "वहिनी, उपटा ती म्हातारी झाडं. क़ात लावू. चघळायला पाला रोज लागतो लोकांना." शेतकीचा माणूस मात्र सांगून गेला होता की फळ उतरलं की झाड गुडघ्याएवढं ठेवून तिरकं कापा, नवे फुटवे येतील, त्यातले दोन-तीनच राखा, दाणा टपोरा येईल.

हिजाम बाजाराला गेलेला बघून हुरियाने कुणाला न विचारता बावीसच्या बावीस झाडं कापली. एक गोष्ट तिच्या डोक्यातच आली नाही. आमच्याकडे दुसऱ्याची कॉफी बुंध्यातून कापतो तो वैरी, आणि त्याला उत्तर बंदुकीनेच देतात.

दुपारी हिजाम परतला आणि वाटेवरूनच त्याला ते खुंट दिसले. त्याने हाक मारली तशी आठ-दहा पुरुष जमले.

"नाजीशिवाय हे कुणाचं काम नाही," हिजाम म्हणाला. नाजी म्हणजे खालच्या गावचा म्हातारा. टाक्याच्या पाण्यावरून त्याचं आमच्याशी वाकडं होतं.

हुरिया माझ्या चुलीशी बसली होती.

"मीच कापली गं," ती पुटपुटली.

"मग जाऊन सांग."

"सांगितलं तर उद्याच खुंट उपटतील. मळा जाईल माझा."

"आणि नाही सांगितलंस तर नाजी जाईल. नाहीतर माझा नवरा."

पुरुष बंदुका घेऊन खालच्या गावच्या वाटेवर, वळणापर्यंत पोचले होते, सगळ्यांत पुढे हिजाम. मी तोंड उघडणार एवढ्यात हुरिया उठली आणि अनवाणीच धावत सुटली.

"भाऊजी, थांबा. मी कापली झाडं."

"कुणाला वाचवताय, वहिनी?"

तिने दोन्ही तळवे पुढे केले. करवतीने फोड येऊन फुटले होते.

मागून कुणीतरी हसला, "बायकांच्या हाती करवत द्या अजून." हिजाम हसला नाही. तो दगडावर बसला आणि बंदूक त्याने मांडीवर आडवी ठेवली.

"मी मारलं असतं त्याला," तो म्हणाला. मग तिच्या तळव्यांकडे बघून म्हणाला, "पाऊस लागेपर्यंत थांबतो. फुटवा आला नाही, तर क़ात."

पुढचे दोन महिने हुरियाने कसे काढले, ते मी पाहिलंय. रोज सकाळी ती प्रत्येक खुंटाची साल बोटांनी चाचपायची. जेवण जाईना. खुंट वाळक्या सरपणासारखे दिसत होते, आणि खरं सांगायचं तर मीही आशा सोडली होती. मग एके सकाळी सालीतून ज्वारीच्या दाण्याएवढे हिरवे ठिपके निघाले. एकोणीस खुंटांवर आले, तीन मेले. इतके दिवस वाट पाहिलेले कोंब छाटायला तिचं मन होईना. जास्तीचे शेवटी मीच खुडले.

तिसऱ्या वर्षी हुरियाने लाल झालेलं तेवढंच फळ हाताने वेचलं. दाणा असा भरला की हिजाम मूठभर घेऊन उन्हात बघत बसला. मग म्हणाला, माझीही म्हातारी झाडं कापायची.

पण आधी शुक्रवारच्या नमाजानंतर तो आमच्या मशिदीत उभा राहिला, आणि पुढच्या शुक्रवारी खालच्या गावच्याही. तिथे म्हणाला, "उद्या मी माझी झाडं कापणार आहे. माझ्याच हाताने. कुणी कुणावर संशय घेऊ नये."

दुसऱ्या दिवशी नाजी काठी टेकत वर आला. "कापतोस कसा ते बघतो," म्हणाला. मग काठी बांधाला टेकवून त्याने पहिल्या झाडाची फांदी धरली, आणि हिजामने करवत लावली.