डाव्या चाकाचे नट

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पान उलटते. माझा सगळा जन्म दवाखान्यात गेला. माणसं जन्मताना पाहिली, मरताना पाहिली; गेलेलं कुणी परत आलेलं मात्र पाहिलं नाही. ‘अंगात आलंय’ म्हणून एखादीला आमच्याकडे आणली की मी आधी तिचा ताप बघायची आणि मग सकाळपासून काही खाल्लंय का ते विचारायची. असा माझा स्वभाव. म्हणूनच हे लिहायला बसायला इतकी वर्षं लागली.

गोष्ट पंचावन्न-छप्पन सालची, मुंबई राज्य एकत्र होतं तेव्हाची. जळगावच्या एका ट्रस्टचा फिरता दवाखाना होता. लढाईनंतर लष्कराने विकून टाकलेली जुनी लॉरी, आणि तिच्यावर बांधलेली लाकडी खोली. आत औषधांचं कपाट, पेशंट तपासायचं बाक, झोपायच्या दोन फळ्या, स्टोव्ह आणि पाण्याची टाकी. मी नर्स, आणि आमचे हे ड्रायव्हर. डॉक्टर साठीच्या घरातले, ते गावोगावी शाळेत नाहीतर चावडीत झोपायचे. लॉरीत आम्ही दोघं. महिन्याचे वीस दिवस तेच आमचं घर. लग्नानंतर पाच वर्षं माझा संसार असा चाकांवर झाला — आज पहूर, उद्या डोंगराच्या कुशीतलं एखादं खेडं... स्टोव्हवर भाकरी, आणि लॉरीच्या पायरीवर बसून जेवण. दुसरं घर असावं असं मला कधी वाटलंच नाही.

हे धुळ्याकडचे, साक्रीजवळच्या खेड्यातले. बोलणं अस्सल अहिराणी. टायर फुटलं की मी मदतीला पुढे व्हायची, पण मला चाकाला हात लावू द्यायचे नाहीत. “तुना हातमा लेकरं येतस,” म्हणायचे, “तू चहा ठेव.” मग मी चहा ठेवायची आणि काढलेले नट पदरात धरून उभी राहायची.

त्या थंडीत हे बहिणीच्या लग्नासाठी गावी गेले. तिथेच विषमज्वर झाला. तार जळगावला आली तेव्हा आम्ही बदली ड्रायव्हर घेऊन अजिंठ्याच्या डोंगराकडे फिरत होतो. ती माझ्या हातात पडायला पाच दिवस लागले. मी साक्रीला पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. नणंद म्हणाली, शुद्ध होती तोवर लॉरीचीच चौकशी करत होता. माझी केली का — हे विचारायचा धीर मला झाला नाही.

दोन महिन्यांनी कामावर परत आले. दुसऱ्या फळीवर मी औषधांची खोकी रचून ठेवली, ती रिकामी दिसू नये म्हणून. बदली ड्रायव्हर टिकला नाही. लढाईत गाड्या चालवलेल्या असल्याने डॉक्टर स्वतःच लॉरी हाकू लागले.

वैशाख होता. पहूरच्या पुढच्या एका वाडीतून आम्ही एका पहिलटकरणीला घेऊन जळगावच्या मोठ्या दवाखान्यात निघालो होतो. दीड दिवस कळा चालू होत्या, मूल आडवं होतं, आणि रक्त जाऊ लागलं होतं. बरोबर तिची सासू आणि नवरा किसन. वाटेतलं नेरी गाव मैल-दीड मैलावर राहिलं असेल तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला आणि लॉरी डावीकडे ओढली गेली. पुढचं डावं टायर फुटलं होतं.

दुपारचे दोन वाजले असतील. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं. झाड म्हणाल तर एकही नाही. किसन बैलगाडी आणायला नेरीकडे पळाला. डॉक्टर मागे आले, पोरीची नाडी बघितली आणि माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, “सिस्टर, मी हिला सोडून खाली उतरू शकत नाही. चाक तुम्हाला जमेल?”

“जमेल,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

यांना करताना पाहिलं होतंच. मागच्या चाकांना दगड लावले. जॅक लावायच्या आधी नट ढिले करायचे, एवढं आठवत होतं. पाना बसवला, त्याच्या दांड्यात लोखंडी नळी घातली आणि जोर लावला. नट हलेना. नळीवर उभी राहिले, अंगाचा सगळा भार टाकला... नाहीच. पाना इतका तापलेला की पदरात धरावा लागत होता. आतून पोरीचं कण्हणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं, आणि मला जास्तच भीती वाटली. मी रडत होते. पोरीसाठी रडत होते की आणखी कशासाठी, ते आता सांगता येणार नाही.

तेवढ्यात अगदी जवळून कुणीतरी म्हणालं, “उलटं.”

मला वाटलं किसन परत आला. मी मान वर न करताच चिडून विचारलं, “काय उलटं?”

“उलटं... डावं चाक ना.”

मी पाना काढून उलट्या बाजूने लावला. नट किंचाळल्यासारखा आवाज करून सुटला! पुढे मला एका मेकॅनिकने सांगितलं, की तसल्या जुन्या लॉऱ्यांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. मी इतका वेळ जीव खाऊन ते नट घट्टच करत होते.

सहाही नट सुटले. फळी टाकून तिच्यावर जॅक लावला, चाक काढलं. दुसरं चाक लोळवत आणलं, पण उचलायचं कसं? मग जमिनीवर बसले, टायरखाली पहार घातली, पायांनी रेटा दिला आणि इंच-इंच करत ते बोल्टांवर चढवलं. कुणी हात लावला नाही. पण कुणीतरी माझ्यासमोर उकिडवं बसलेलं आहे, हे मला सगळा वेळ कळत होतं. मी एकदा विचारलंसुद्धा, “दादा, बैलगाडी मिळाली का?” उत्तर आलं नाही. मिळाली नसेल, असं मी समजले. आणखी एक गोष्ट — पदर केव्हाच सुटला होता आणि पाना मी नुसत्या हाताने धरला होता, तरी भाजत नव्हतं. माझ्या हातांवर सावली होती.

शेवटचा नट आवळला, जॅक उतरवला आणि उठून उभी राहिले. समोर कुणी नव्हतं. रस्ता दोन्हीकडे मोकळा.

मागच्या दारात पोरीची सासू उभी होती. म्हणाली, “बाई, तो मानूस कुठी गेला व?”

“कोण माणूस? किसन ना?”

“मले माहा पोरगा वळखू येत नाही का? तो डायव्हर. खाकी कपड्यातला. तुह्यासमोर बसेल व्हता ना. मी त्याले म्हनलं, अरे दादा, बाईमानूस एकटी झटून राह्यली, हात लाव ना जरा. तर म्हने, ‘तारीले जमी. मी नुसता बसेल शे.’ शे म्हने! आपल्या इकडे कोनी बोलत नाही तसं.”

डॉक्टर मला सिस्टर म्हणायचे, गावोगावची माणसं नर्सबाई म्हणायची. सासरी लग्नात माझं नाव बदललं होतं. माहेरच्या नावावरून मला लाडाने तारी म्हणणारं या जगात एकच माणूस होतं.

“दिसायला कसा होता?” मी विचारलं.

“तोंड कुठी दिसलं! मले पाठमोरा. तुह्याकडेच पाहत बसेल व्हता.”

किसन आम्हाला पुढे अर्ध्या मैलावर भेटला, रिकाम्या हाताने परत येताना. आम्ही जळगाव गाठलं. ऑपरेशन झालं. पोरगी वाचली, तिला झालेली मुलगीही वाचली.

चार दिवसांनी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, धुळ्याकडचा एखादा ड्रायव्हर जात असेल, थांबला असेल. मी म्हटलं, त्याची गाडी कुठे होती? आणि माझं नाव? त्यावर म्हणाले, म्हातारीने काहीतरी वेगळंच ऐकलं असेल. उलट्या आट्यांचंही म्हणाल तर यांना नट काढताना मी दहा वेळा पाहिलं होतं; डोळ्यांनी पाहिलेलं ऐन वेळी आठवतं, हे मलाही पटतं. या सगळ्याची मी स्वतःच स्वतःला हजारदा समजूत घातली आहे. त्या आवाजाचंही तसंच. ओळखीचा होता का, असं कुणी विचारलं तर छातीवर हात ठेवून मी हो म्हणू शकत नाही. कानात तेव्हा नुसतं घणघणत होतं.

पुढे नवा ड्रायव्हर आला. चांगला माणूस होता. त्या लॉरीवर मी आणखी चार वर्षं काढली. चाक पंक्चर झालं की मी त्याला म्हणायची, “भाऊ, तुम्ही चहा घ्या, मी बदलते.” आधी तो संकोचायचा, नंतर सवय झाली. मी मुद्दाम सावकाश करायची. एक नट काढला की मान वर करून बघायची, दुसरा काढला की पुन्हा बघायची. समोर रस्ता असायचा, शेत असायचं, कधी चरणारी गुरं असायची.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. मी कुणाला पटवायलाही बसलेली नाही. एवढंच वाटत राहतं, की अर्धा तास कुणीतरी माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर, माझ्याकडे बघत बसलं होतं... आणि मी तेवढा वेळ नट बघत होते.